पडद्यावरचा राम निवडणुकीला उभा राहिला, तर मत नेमके कोणाला जाते?

विटेकर:

नमस्कार. आमचे घराणे मूळचे विट्याजवळचे. खानापूर-आटपाडी भागातल्या अनेक कुटुंबांप्रमाणे आमच्याही दोन पिढ्या सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगल्या आणि माझी आत्या लग्न होऊन चाळीस वर्षांपूर्वी मेरठच्या सराफ्यात जाऊन राहिली. घरात भट्टी, मूस आणि तेजाबाचा वास, बोलण्यात निम्मी हिंदी, पण देव्हाऱ्यात अजून गावचीच देवी, असा तिचा संसार आहे. २६ एप्रिल २०२४ रोजी तिथे लोकसभेचे मतदान झाले आणि त्या रात्री मी सहज फोन केला. मत कोणाला दिले, असे मी विचारले नव्हते. तिनेच आपणहून सांगितले, "बटण मी अरुण गोविलचं दाबलं न्हाई बाबा, रामाचं दाबलं. चप्पल खोलीच्या भाईर काढून गेले."

मी हसलो आणि ते तिला आवडले नाही. रामायण मालिकेत राम साकारणारा नट हा नटच असतो, खासदार म्हणून त्याच्याकडून तुझी काय अपेक्षा आहे, असे मी जरा शहाणपणाने विचारले. त्यावर ती म्हणाली की आधीच्या खासदारांकडे तरी तिने काय मागितले होते आणि काय मिळाले होते? दुकानापुढची गटार दर पावसाळ्यात तुंबते, ती कोणाच्याही राज्यात तुंबतेच. मग ज्याचे तोंड पाहून बरे वाटते त्याला मत दिले, तर त्यात वाईट काय झाले? प्रचाराची मिरवणूक गल्लीवरून गेली तेव्हा तिने गच्चीतून हात जोडले होते आणि "म्हातारा झालाय, पण हसणं तेच हाय" हेही तिच्या नजरेतून सुटले नव्हते. म्हणजे गच्चीखालून जाणारा माणूस नट आहे, तो म्हातारा होतो, हे तिला पुरेपूर ठाऊक होते. तरीही चप्पल बाहेर राहिली.

गोविल त्या निवडणुकीत सुमारे साडेदहा हजार मतांनी निवडून आले. कोणता पक्ष चांगला आणि कोणता वाईट हा वाद मला इथे नको आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. देवाची किंवा देवासारख्या मानलेल्या पुरुषाची भूमिका करणारा नट राजकारणात उतरतो तेव्हा लोक श्रद्धेने मत देतात, निव्वळ ओळखीच्या चेहऱ्याला देतात, की मत दुसऱ्याच कारणांनी ठरलेले असते आणि राम हे आपण नंतर सांगायचे निमित्त असते? आत्याच्या बोलण्याने माझी मती गुंग झाली आहे. आपापल्या भागातला अनुभव असेल तर कृपया लिहावा.

निवृत्त कारकून:

आपला प्रश्न वाचून मला आमची लालबागची चाळ आठवली. २५ जानेवारी १९८७ रोजी ही मालिका सुरू झाली, तेव्हा गिरणी संपाला पाच वर्षे झाली होती आणि आमच्या मजल्यावरच्या तीन घरांत संपात नोकरी गेलेले गिरणी कामगार होते. मजल्यावर दूरदर्शन संच एकच, तोही लाकडी सरकत्या दाराचा. रविवारी सकाळी साडेनऊच्या आत त्या घरातली म्हातारी संचाला हळदकुंकू लावत असे, उदबत्ती ओवाळत असे आणि मगच दार सरकवत असे. आम्ही दाटीवाटीने बसायचो. जाहिराती लागल्या की पुरुष मंडळी गॅलरीत जाऊन विडी ओढून यायची. भक्ती होती, पण ती जाहिरातींपुरती थांबत होती, हे मुद्दाम सांगतो.

श्रद्धेतून मत मिळते, या समजुतीला पहिला तडा मालिका चालू असतानाच गेला होता. जून १९८८ मध्ये अलाहाबादला लोकसभेची पोटनिवडणूक झाली. बोफोर्स तोफखरेदीच्या प्रश्नावर काँग्रेसमधून बाहेर पडलेले विश्वनाथ प्रताप सिंह एका बाजूला होते आणि काँग्रेसचे सुनील शास्त्री दुसऱ्या बाजूला. काँग्रेसने प्रचाराला साक्षात रामाला, म्हणजे याच अरुण गोविलांना उतरवले. त्या वेळी ते कीर्तीच्या शिखरावर होते, देशभर रविवारची सकाळ त्यांच्या मालकीची होती. तरी निकाल विश्वनाथ प्रताप सिंहांच्या बाजूने लागला आणि तोही मोठ्या फरकाने. अलाहाबादच्या मतदाराने रामाला हात जोडले असतील, पण मत बोफोर्सवर दिले.

दुसरी गोष्ट याहून गमतीची आहे. १९९१ साली सीतेची भूमिका करणाऱ्या दीपिका चिखलिया भाजपतर्फे बडोद्यातून निवडून आल्या, हे बहुतेकांना आठवते. पण त्याच वर्षी, त्याच पक्षातर्फे, त्याच गुजरातेतल्या साबरकांठामधून अरविंद त्रिवेदी निवडून आले आणि ते मालिकेतले रावण होते. पुढे काही काळ सेन्सॉर बोर्डाचा कारभारही त्यांच्याकडे होता. आता रावणाला कोणी चप्पल बाहेर काढून मत दिले असेल, असे मला वाटत नाही. त्या वर्षी भाजपने गुजरातेतल्या २६ पैकी २० जागा जिंकल्या होत्या. लाट होती आणि त्या लाटेवर सीता तरली, तसा रावणही तरला. महाभारत मालिकेतले श्रीकृष्ण, आपले नितीश भारद्वाज, १९९६ मध्ये जमशेदपूरहून जिंकले आणि १९९९ मध्ये मध्य प्रदेशात राजगढला हरले. चेहरा तोच होता, मोरपीसही तेच होते.

म्हणून माझे मत असे की आपल्या आत्याबाईंनी सांगितलेले कारण खोटे नाही, पण ते पुरतेही नाही. त्या गल्लीत त्या पक्षाकडून एखादा साधा वकील उभा असता, तर त्यांनी मत कोणाला दिले असते, एवढे एकदा विचारून पाहावे.

ओतूरचा कांदेवाला:

मी शिरूर लोकसभा मतदारसंघातला मतदार आहे, त्यामुळे या विषयावर आम्हाला बोलायचा अधिकार इतरांपेक्षा अंमळ जास्त आहे, असे मी मानतो.

आमच्याकडे देव नव्हता, राजा होता. आणि आमच्या भागात छत्रपती संभाजी महाराजांची गोष्ट ही टीव्हीवरून आलेली गोष्ट नाही. वढू बुद्रुकची समाधी याच मतदारसंघात आहे, शिवनेरी आमच्या जुन्नर तालुक्यात आहे. २०१९ साली अमोल कोल्हे उभे राहिले, तेव्हा त्यांची संभाजी महाराजांवरची मालिका रोज रात्री चालू होती. समोर शिवाजीराव आढळराव होते, तीन वेळा निवडून आलेले, गावोगाव ओळख असलेले. कोल्हे ५८ हजारांहून अधिक मतांनी जिंकले. त्या वेळी आमची चुलती, जिने आयुष्यात सभा पाहिली नव्हती, ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून सभेला गेली आणि परत येऊन म्हणाली, "राजं लई बारीक झाल्यात." २०१९ चा निकाल मालिकेशिवाय लागला असता, असे जो म्हणेल त्याने आमच्याकडे येऊन पाहावे. कारकून काकांच्या म्हणण्याशी मी इथे सहमत नाही. मालिकेने मत दिले नसेल, पण मालिकेने घराचे दार उघडले आणि बाकीच्या उमेदवारांना ते दार दहा-दहा वर्षे वाजवावे लागते.

मात्र २०२४ ची गोष्ट पूर्ण वेगळी होती. मालिका संपून चार वर्षे झाली होती. खासदार मतदारसंघात दिसत नाहीत, चित्रीकरणात आणि महानाट्यात असतात, ही तक्रार विरोधक करत होतेच, पण आमच्या पारावरही ती चालत होती. मध्यंतरी जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी पूर्वी केलेली नथुराम गोडसेची भूमिका प्रदर्शित होण्यावरून मोठे वादळ उठले. जितेंद्र आव्हाडांनी त्यांच्याच पक्षात असून विरोध केला, शरद पवारांनी कलावंत म्हणून त्यांची बाजू घेतली आणि कोल्ह्यांनी आळंदीला जाऊन आत्मक्लेश केला. विटेकरांनी विचारलेल्या प्रश्नाची खरी कसोटी तिथे लागली होती. जर लोक भूमिकेलाच मत देत असतील, तर त्या भूमिकेने मत जायला हवे होते. आमच्या चुलतीला मी तेव्हा मुद्दाम विचारले. ती म्हणाली, "त्ये आधीचं काम हाय, पोटासाठी केलं आसंल." म्हणजे संभाजी महाराज हे काम नव्हते आणि गोडसे मात्र पोटासाठी केलेले काम होते! माणूस आपल्याला हवी ती भूमिका खरी मानतो आणि नको ती नटाच्या खात्यावर टाकतो.

मग २०२४ मध्ये ते सुमारे एक लाख चाळीस हजारांच्या फरकाने कसे आले? माझ्या मते कांद्याने आणले. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी झाली तेव्हा आमच्या बराखी, म्हणजे कांदा साठवायच्या चाळी, भरलेल्या नव्हत्या, पण लाल कांदा काढणीला आला होता आणि भाव डोळ्यांदेखत निम्म्यावर आले. मी स्वतः एक गाडी माल बाजारात नेला, तोलाई, हमाली आणि भाडे जाऊन हातात आले त्या पैशांत परतताना डिझेल भरले आणि पोरांसाठी भेळ घेतली, हिशेब संपला. त्याच महिन्याच्या अखेरीस कोल्ह्यांनी शिवनेरीहून पुण्यापर्यंत शेतकऱ्यांचा मोर्चा काढला. बंदी उठली ४ मे रोजी, आमचे मतदान १३ मे रोजी होते. नऊ दिवसांत राग जात नसतो. त्यात पक्ष फुटल्याची सहानुभूती होती, आढळरावांनी पक्ष बदलला होता, हेही खरे.

आणखी एक राहिले. बैलगाडा शर्यतीवरची बंदी उठल्यावर २०२२ मध्ये निमगाव दावडीच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, कोल्हे स्वतः पळत्या गाड्यापुढे घोडीवर बसले. प्रचारात दिलेला शब्द होता. ज्यांनी घाट पाहिला नाही त्यांना सांगतो, गाड्यापुढे घोडी पळवणे हे मागून चार बैल अंगावर येत असताना करायचे काम आहे, तिथे टेक आणि रिटेक असे काही नसते. मालिकेतला घोडा आणि घाटातली घोडी यांतला फरक आमच्याकडच्या पोरांना बरोबर कळतो. त्या दिवशी त्यांना जी दाद मिळाली ती नटाला नव्हती.

काळा कोट:

विषयाला धरून थोडी कायद्याची बाजू मांडतो. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३(३) यानुसार धर्माच्या नावावर मत मागणे किंवा धार्मिक प्रतीकांचा त्यासाठी वापर करणे, हा भ्रष्ट आचार ठरतो आणि त्यापायी निवडणूक रद्द होऊ शकते. आपल्याकडचे ठळक उदाहरण १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीचे. रमेश प्रभू निवडून आले, परंतु प्रचारातल्या भाषणांमुळे उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द केली, डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला आणि पुढे बाळासाहेब ठाकरे यांचा मताधिकारही सहा वर्षांसाठी काढून घेण्यात आला. योगायोग असा की ती पोटनिवडणूक झाली त्या दिवसांत दर रविवारी घरोघर रामायणच चालू होते. पुढे २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने सांगितले की उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्माच्या नावावरही मत मागता येणार नाही. तो खटलाही मुंबईतल्या सांताक्रूझच्या निवडणुकीतून आलेला होता.

या सगळ्यात चेहऱ्याविषयी एक अक्षर नाही. उमेदवाराने मुकुट घालून फिरावे की नाही, यावर वाद घालता येईल, कारण मुकुटाला धार्मिक प्रतीक म्हणता येते. परंतु साध्या पांढऱ्या सदऱ्यातला माणूस नुसता हसला आणि समोरच्या बाईला त्यात राम दिसला, तर गुन्हा कोणाचा? हसणे हा भ्रष्ट आचार असल्याचे मी तरी कोणत्याही न्यायालयात सिद्ध करू शकणार नाही. फी कितीही दिलीत तरी.

पेटारेवाला:

मी सिंधुदुर्गातला, वडील दशावतारी नाटक मंडळीत राजाची कामे करत. तिथले पाहिलेले सांगतो, कारण देवाचे सोंग आणि माणूस यांचा हिशेब आमच्याकडे फार जुना आहे.

कार्तिकी पौर्णिमेनंतर जत्रांचा हंगाम सुरू झाला की मंडळी संध्याकाळी देवळात उतरते. पेटारे एका रांगेत ठेवतात, त्यांची पूजा होते, गणपतीची आरती होते. मग प्रत्येक जण आपापला आरसा टेकवून आपले तोंड आपणच रंगवतो, रंगवायला वेगळा माणूस नसतो. आधी आडदशावतार होतो, त्यात गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, संकासुर येऊन लोकांना हसवतो आणि मग रात्री उशिरा आख्यान उभे राहते. संहिता लिहिलेली नसते, संवाद जागेवर सुचतील तसे. गणपतीचे सोंग मांडावर आले की पुढे बसलेल्या बायका खरोखर हात जोडतात, कोणी पैसे ठेवतात. तेवढा वेळ तो गणपतीच असतो, याविषयी कोणाच्या मनात शंका नसते.

परंतु पहाटे दहीकाला झाला की सगळे उलटे होते. माझे वडील रात्रभर विष्णू किंवा इंद्र असत आणि सकाळी देवळाच्या विहिरीवर खोबरेल तेल चोळून तोंडाचा रंग काढत. तो रंग कानामागे नेहमी राहायचा. त्याच अवस्थेत पेटारा डोक्यावर घेऊन एसटीच्या थांब्यावर उभे राहायचे. "रात्री राजा आणि सकाळी कपाळी बोजा" अशी म्हणच आमच्याकडे आहे. एकदा लहानपणी मी पाहिले, एक पोरगा थांब्यावर त्यांच्या पाया पडायला वाकला तेव्हा वडिलांनी त्याला दंडाला धरून उभे केले आणि म्हणाले, "आता मी राजा नाय रे झिला. तुझी एसटी इली बघ." त्यात विनय नव्हता. ती त्या कामाची शिस्त होती. सोंग उतरल्यावर मान घेणे म्हणजे पेटाऱ्यातली वस्तू घरी नेण्यासारखे समजत.

आता टीव्हीकडे पाहा. तिथे रंग उतरवताना कोणी दिसत नाही. दशावतारात गावाला सोंग चढताना दिसते आणि उतरताना दिसते, पेटारा वाहणारा राजा अख्ख्या वाडीने पाहिलेला असतो. मालिकेत एकच चेहरा दीड-दोन वर्षे घरात येतो आणि देव म्हणूनच येतो, कानामागचा रंग तिथे कधीच दिसत नाही. म्हणून मत श्रद्धेने दिले की ओळखीने दिले, हा विटेकरांचा प्रश्न मला थोडा बाजूचा वाटतो. मतदाराने हात जोडले यात मला गैर दिसत नाही, आमच्या बायकाही जोडतात. ज्याला हात जोडले त्याने दंडाला धरून उभे केले की ते हात तसेच मतदानकेंद्रापर्यंत जाऊ दिले, एवढेच मी पाहीन. ओतूरकरांनी लिहिलेली घोडीची गोष्ट मला म्हणूनच आवडली. तिथे सोंग नव्हते.

विटेकर:

पेटारेवाल्यांचे म्हणणे मनाला भिडले, तरी एक शंका आहे. नटाने "मी राम नाही" असे सांगितल्याने लोक ऐकतात का? अशा नटांच्या कितीतरी मुलाखतींत आपण वाचतो की लोक रस्त्यात पाया पडतात आणि नको म्हटले तर आणखीच भारावतात. देव नम्र आहे, असे त्यांना वाटते! म्हणजे नाकारण्यानेही सोंग घट्ट होत असेल, तर नटाने करावे तरी काय?

आणि कारकून काकांचा प्रश्न मी आत्याला अजून विचारलेला नाही. धीर होत नाही.

चेन्नईची वहिनी:

मी लग्नानंतर तीस वर्षे चेन्नईत आहे, यजमानांची नोकरी काही वर्षे विजयवाड्यात होती. दक्षिणेत हा विषय आपल्यापेक्षा फार आधी येऊन गेला आहे, तेव्हा दोन शब्द.

आंध्रात एन. टी. रामाराव म्हणजे श्रीकृष्ण, हे समीकरण एवढे पक्के होते की कितीतरी घरांतल्या कॅलेंडरवरचा कृष्ण त्यांच्याच चेहऱ्याचा असे. २९ मार्च १९८२ रोजी त्यांनी तेलुगू देसम पक्ष काढला आणि नऊ महिन्यांत, जानेवारी १९८३ मध्ये, दोनशेहून अधिक जागा जिंकून ते मुख्यमंत्री झाले. बाहेरचे लोक म्हणतात, कृष्णाला मते मिळाली. तिथल्या शेजारणी मात्र मला वेगळे सांगत. पाच वर्षांच्या आत काँग्रेसने दिल्लीहून चार मुख्यमंत्री बदलले होते, अंजय्या मुख्यमंत्री असताना विमानतळावर राजीव गांधींनी सर्वांसमक्ष त्यांचा पाणउतारा केला होता आणि तेलुगू माणसाच्या स्वाभिमानाचा प्रश्न पेटला होता. त्यावर दोन रुपये किलो तांदळाचे आश्वासन. कृष्णाचा चेहरा नसता तर हे सगळे एवढ्या लवकर एका माणसामागे गोळा झाले नसते, पण हे सगळे नसते तर चेहऱ्याने काय केले असते? याचे उत्तर १९८९ मध्ये मिळाले. सरकार तर गेलेच, पण रामाराव दोन ठिकाणी उभे होते, त्यांपैकी कल्वकुर्तीला ते स्वतः हरले. मुकुट तोच, बासरी तीच.

आणि हे लक्षात घ्या की १९७७ च्या एका चित्रपटात या माणसाने कृष्ण, कर्ण आणि दुर्योधन अशा तिन्ही भूमिका स्वतःच केल्या होत्या आणि दिग्दर्शनही केले होते. ज्या तोंडाने गीता सांगायची त्याच तोंडाने दुर्योधनाचे संवाद म्हणायचे आणि तेलुगू लोकांना दुर्योधन अधिक आवडला, अशी तिकडची ख्याती आहे. ओतूरकरांच्या चुलतीचे गणित तिथेही तसेच चालले म्हणायचे.

तमिळनाडूची गंमत याहून न्यारी. इथे १९७७ पासून, मधले काही महिने सोडले तर, मरेपर्यंत राज्य करणारे एमजीआर, म्हणजे नट एम. जी. रामचंद्रन, हे देवाच्या भूमिकांवर मोठे झालेले नव्हते. ज्या द्रविड चळवळीतून ते आले तिला देवदेवतांचे वावडे होते, म्हणून त्यांची कीर्ती कोळी, रिक्षावाला, कष्टकरी असल्या भूमिकांवर उभी राहिली. उलट शिवाजी गणेशन यांनी पडद्यावर शंकर केला, शैव संत अप्पर केला आणि त्यांच्याएवढा मोठा नट तमिळमध्ये झाला नाही, असे इथली पाचवीतली मुलेही सांगतील. त्यांचे मूळ नाव विळुपुरम चिन्नय्या गणेशन. द्रविड चळवळीचे नेते अण्णादुराई यांनी आपल्या शिवाजी महाराजांवर नाटक लिहिले होते, त्यात गणेशन यांनी केलेली महाराजांची भूमिका पाहून त्याच चळवळीचे अध्वर्यू पेरियार यांनी त्यांना "शिवाजी" हे नाव दिले आणि ते जन्मभर टिकले. इतका मोठा राजा, इतका मोठा देव! १९८८ मध्ये त्यांनी स्वतःचा पक्ष काढला आणि १९८९ च्या निवडणुकीत तिरुवैयारूला, म्हणजे आपल्या तंजावरच्या भोसल्यांच्या मुलखातच, ते पडले. रिक्षावाला मुख्यमंत्री झाला आणि शंकर आमदारही होऊ शकला नाही.

माझ्या मते याचे कारण असे असावे की शंकराकडे आपण मागत नाही, त्याच्यापुढे वाकतो. रिक्षावाल्याला मात्र आपले म्हणता येते. विटेकरांच्या आत्याबाईंनी स्वतःच सांगितले आहे की त्यांनी कोणाकडेच काही मागितले नव्हते. ज्याला काहीच मागायचे नाही त्याने देवाला मत दिले तर नवल नाही, पण मागायचे असते त्या वर्षी माणसे कांद्याकडे पाहतात.

निवृत्त कारकून:

वहिनींशी सहमत, फक्त एक दुरुस्ती सुचवतो. मागायचे नसते असे नाही. आमच्या चाळीतल्या त्या म्हातारीच्या मुलाची गिरणीतली नोकरी गेली होती, तिला मागायला खूप होते. मागून मिळत नाही, एवढे तिला कळून चुकले होते.

विटेकर:

काल रात्री अखेर आत्याला फोन केला आणि तुम्हा सर्वांचे थोडक्यात वाचून दाखवले. कारकून काकांचा प्रश्नही विचारला. साध्या वकिलाचे ऐकून ती म्हणाली, "दिलं असतं की. पर चप्पल काढली नसती."

साबरकांठाहून रावण निवडून आल्याचे तिला ठाऊक नव्हते. ते ऐकल्यावर राजकारण बाजूलाच राहिले. २०२० च्या टाळेबंदीत २८ मार्चपासून मालिका पुन्हा दाखवली गेली, तेव्हा भट्टी बंद, सराफा बंद, कारागीर गावाकडे निघून गेलेले आणि घरात ही दोघेच, सकाळ-संध्याकाळ टीव्हीसमोर. रावण पडला तेव्हा आपण मंदोदरीसाठी पदर डोळ्याला लावून रडलो होतो आणि मामा हसले होते, हे तिने मला पाच मिनिटे रंगवून सांगितले. रावणाला कोणत्या साली मत मिळाले, किती मिळाले, तो नट आता आहे का, असे विचारत राहिली. तो २०२१ मध्ये गेला, असे मी सांगितल्यावर थोडा वेळ गप्प बसली. मग गॅसवर दूध असल्याचे आठवले आणि तिने फोन ठेवला.